कडीला बांधलेलं लाल फडकं

खरं तर ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी आहे. पण दौंडच्या त्या गल्लीत आता मी दिसले की भाजीवाला गाडा बाजूला घेऊन मला वाट देतो आणि मी पुढे गेले की बायकांना हळूच काहीतरी सांगतो. म्हणजे आज ना उद्या तुमच्या कानावर येणारच. मग त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान थोडी काटछाट तरी करता येईल मला.

सुरुवात झाली ती मला झोप न लागण्यापासून.

आम्ही राहतो शिरूरला. नवरा, मी आणि पाच वर्षांची सई. नवऱ्याची कंपनी इकडे, सईची शाळा इकडे. पण सासरे हयातभर दौंडला रेल्वेत होते आणि तिथे स्टेशनपलीकडे त्यांनी चार घरांची एक बैठी ओळ बांधून ठेवली. खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी. चारही घरं भाड्याने. ती बघायचे बशीरमामा, सासऱ्यांचे जुने मित्र. भाडेकरू आणायचे, भाडं जमा करायचे, नळ गळला की माणूस बोलवायचे, आणि त्याचं थोडं कमिशन घ्यायचे. सासरे असतानाही तेच बघायचे, सासरे गेल्यावरही तेच.

आणि मी अंथरुणावर पडून विचार करायचे. तिथल्या टाकीला झाकण असेल ना? कुणी गॅस चालू ठेवून गावाला गेलं तर? कुणाला आत चक्कर आली आणि दोन दिवस कळलंच नाही तर? पेपरात नाव मालकाचं येतं हो, मामांचं नाही येणार.

मामांना फोन केला की उत्तर ठरलेलं. "सूनबाई, सगळं निवांत हाय."

आता तुम्हीच सांगा, काळजी करणाऱ्या बाईला 'निवांत' या शब्दाने कधी निवांत वाटलंय?

नवऱ्याला उठवून विचारायचे, "तिथे सगळं ठीक असेल ना?" तो म्हणायचा, "मामा आहेत ना." आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायचा. मला तर त्याच्या घोरण्याचाही संशय यायला लागला होता. इतकं निवांत कसं काय असू शकतं माणूस?

अशात मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. पाठीमागे कुंड्या, हातात कॉफीचा मग. म्हणाल्या, घरं तुमची आहेत तर दुसऱ्याच्या भरवशावर का? स्वतः उभ्या राहा. मी तिथल्या तिथे उभी राहिले. एम.कॉम. झालेली बाई मी, चार घरं नाही सांभाळता येणार? सईच्या शाळेचा डबा, ड्रेस, प्रोजेक्ट, लसी, सगळं सांभाळतेच की.

मामांना मी मेसेज लिहिला. फोन केला नाही, मेसेज लिहिला, हे लक्षात ठेवा, कारण मला अजून ते आठवलं की पायाचे अंगठे आत वळतात. 'आपल्या आजवरच्या सहकार्याबद्दल कुटुंब आपले ऋणी आहे. यापुढे व्यवस्थापन आम्ही स्वतः पाहणार आहोत.' ज्या माणसाने माझ्या लग्नात पंगतीत बुंदी वाढली होती, त्याला.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "चाव्या कवा नेताय, सूनबाई?"

चाव्या आणायला गेले तर मामींनी चहा टाकलेला. मामा म्हणाले, "बसा. येकदा सगळं समजावून सांगतो."

"मामा, साडेतीनची एसटी आहे. करारनामे दिलेत ना, बस झालं. बाकी मी फाईल केलीये."

"फाईलीत मावत न्हाई ते समदं. म्हंजी बगा, त्या रनिंगवाल्यांच्या दाराला—"

"मामा, व्हॉइस नोट पाठवा ना. निवांत ऐकते."

आणि उठले. चहा अर्धा तसाच ठेवून. मामींनी माझ्याकडे नाही, कपाकडे बघितलं.

मामांनी व्हॉइस नोट पाठवली हो. अकरा मिनिटांची. मी सुरुवात ऐकली, त्यात ते सासऱ्यांनी विटा कुठून आणल्या ते सांगत होते. म्हटलं, पुढचं सवडीने ऐकू.

पुढच्याच आठवड्यात सईला शाळेची सुट्टी आली आणि मी माझी पहिली पाहणी ठरवली. व्हॉट्सॲपवर भाडेकरूंचा ग्रुप काढला. नियम टाकले, एक ते चौदा. फॉर्म छापले. सईच्या हातात फाईल दिली, एसटी पकडली, अकराच्या सुमाराला आम्ही दोघी ओळीसमोर उभ्या.

पहिल्या घराला कुलूप. तिथे सुरेखाताई राहतात, त्या बाजारात गेल्या होत्या. चौथं घर गेल्याच आठवड्यात रिकामं झालेलं. मधली दोन आतून बंद. आणि त्या दोन दारांच्या कड्यांना काय बांधलेलं? लाल फडकं. जुनेराची फाडलेली पट्टी, उन्हाने विटलेली, तेलकट.

माझ्या डोळ्यांसमोर व्हिडिओतल्या बाई आल्या. पहिली छाप दाराची असते, असं त्या म्हणाल्या होत्या. नजर लागू नये म्हणून बांधलं असेल, मी मनाशी म्हटलं, पण हे काय रूप आहे का दाराचं? मी दोन्ही फडकी सोडली. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. 'नियम क्रमांक पंधरा. कड्यांना चिंध्या बांधू नयेत. आपली वास्तू, आपली स्वच्छता.' खाली हात जोडल्याची दोन चित्रं. फडकी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात.

इथवर माझी छाती किती फुगली होती ते सांगत नाही.

मग मी दार वाजवलं. दुसरं घर, ढवळे, एकटेच राहतात. उत्तर नाही. तिसरं घर, राजेशकुमार, तेही एकटेच. उत्तर नाही. पुन्हा ढवळे. फोन लावला, तर आत वाजतोय. म्हणजे माणूस आत, फोन आत, आणि उचलत नाही.

एवढ्यात भाजीचा गाडा आला. मघापासून तो माणूस गल्लीच्या तोंडाशी मुकाट उभा होता, मला वाटलं आळशी आहे. आता त्याने आमच्या दारांकडे बघितलं, मान हलवली आणि गाड्यावरचा भोंगा सुरू केला. "कांदेबटाटे, मेथीकोथिंबीर," तेही रेकॉर्ड केलेलं, थांबायचं नावच नाही. त्याच्या मागून भंगारवाला. मग कुठून तरी चार पोरं बॅट घेऊन आली आणि ढवळ्यांच्या भिंतीवर स्टंप आखले. म्हटलं, बघा, मी येताच गल्ली कशी जिवंत झाली.

एवढ्या गोंधळातही ढवळे उठेनात. मी दाराच्या फटीला नाक लावलं.

"सई, तुला कसला वास येतोय का गं?"

"येतोय," सई म्हणाली.

"गॅसचा?"

"हो," ती म्हणाली. मी कुठलाही वास विचारला असता तरी ती हो म्हणाली असती, हे मला आई म्हणून ठाऊक असायला हवं होतं.

माझ्याकडच्या चावीने कुलूप उघडलं, पण आतून कडी. मागे जाऊन पाहिलं, मोरीच्या वर छोटा झरोका. बादली पालथी घातली, वर चढले, आत डोकावले.

ढवळे जमिनीवर, चटईवर. उताणे. सरळ. गळ्यापर्यंत पांढरी चादर. डोळ्यांवर ओला पांढरा रुमाल. आणि कानांत कापूस.

कानांत कापूस, हो.

मी बादलीवरून कशी उतरले ते आठवत नाही. उतरले नसेन, पडलेच असेन. शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून दत्ता नावाच्या माणसाला ओढत आणलं. त्याने बादलीवर चढून बघितलं, खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी, येळ झाला म्हनायचा."

"दार तोडा," मी म्हटलं.

"पोलिसांना बोलवायचं का आधी?"

"श्वास चालू असेल तर? तोडा दार."

भाजीवाल्याने भोंगा बंद केला. पोरांनी बॅट खाली ठेवली. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. एक म्हातारे आबा म्हणाले, "लई चांगला मानूस व्हता. कवा कुनाशी तोंड वाजवलं न्हाई." दुसरं कुणी म्हणालं, गावाकडं कळवा, बायकापोरं तिकडं असत्यात. मी रडत होते आणि मनात एकच, बघा, मला हीच भीती होती. मला माहीतच होतं. म्हणजे शरमेची गोष्ट अशी की त्या रडण्यात थोडं समाधानही होतं. इतकी वर्षं जागले ते फुकट नाही गेलं.

दत्ताने पहार घातली. बिजागऱ्या कडाकडा तुटल्या आणि दार कडीसकट आत पडलं.

ढवळे ताडकन उठून बसले. रुमाल मांडीवर पडला. समोर सात-आठ माणसं, सगळ्यांची तोंडं उतरलेली, एकाच्या हातात पहार, एक बाई रडतेय, एक लहान मुलगी फाईल धरून उभी. त्यांनी कानातला कापूस काढला.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

दत्ताने पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमीच."

ढवळे विचारात पडले. खरंच सांगते, दोन क्षण त्यांनी त्यावर विचार केला.

त्याच वेळी सुरेखाताई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी पडलेलं दार बघितलं, ढवळ्यांना बघितलं, मला बघितलं. आणि पहिला प्रश्न काय? "फडकं कुठंय दाराचं?"

"ते मी काढलं," मी म्हटलं. "नियम क्रमांक पंधरा."

सुरेखाताईंनी पिशवी खाली ठेवली. "अवो ताई, काय केलंत हे."

मग मला कळलं ते असं. ढवळे मालगाडीचे ड्रायव्हर. रात्रभर गाडी चालवून सकाळी सातला घरी आलेले. रात्री अकराला पुन्हा गाडी. मधले सोळा तास त्यांचे विश्रांतीचे. पलीकडचे राजेशकुमार दुसऱ्या गाडीवर त्यांच्यासारखेच, असिस्टंट ड्रायव्हर. अशा माणसांना दौंडात रनिंगवाले म्हणतात. आणि दाराला लाल फडकं म्हणजे आत रनिंगवाला झोपलाय, आवाज करायचा नाही. उठला की तो स्वतः सोडणार. मामांनीच ही पद्धत घातली होती, कित्येक वर्षांपूर्वी. भाजीवाला, भंगारवाला, सिलिंडरवाला, पोरं, सगळ्या गल्लीला ठाऊक. फडकं दिसलं की भोंगा बंद, क्रिकेट पलीकडच्या मैदानात. म्हणून तर रनिंगवाले या घरांसाठी रांग लावतात.

फडकं नाही, म्हणजे साहेब ड्युटीवर गेले. करा काय करायचं ते. मी गल्लीला सुट्टी देऊन टाकली होती. कापूस ढवळ्यांनी भोंगा सुरू झाल्यावर कानात घातला होता. फोन आणि दार ऐकूही आलं होतं त्यांना, पण त्यांना वाटलं कुणी नवखा सेल्समन असेल, दमला की जाईल.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. राजेशकुमार बनियनवर उभे, डोळे लालबुंद. "भाभीजी," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "भूकंप हुआ क्या?"

मी ढवळ्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही झोपा परत. आम्ही सगळे जातो."

"झोपतो की," ढवळे म्हणाले. "दार?"

दार बसवायला दत्ताला अडीच तास लागले. वेल्डिंग, ड्रिल, हातोडा. मी दर पाच मिनिटांनी सांगत होते, "दत्ताभाऊ, जरा हळू." तो म्हणत होता, "वहिनी, हातोडा हळू कसा मारत्यात ते दावा, तसा मारतो." मध्येच ॲम्ब्युलन्स आली. त्यांनी पेशंट कुठाय विचारलं, तर आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ढवळे सुरेखाताईंच्या ओट्यावर बसून होते. मी माफी मागायला गेले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वहिनी," ते म्हणाले, "माज्या मागं पंचावन्न डबं असत्यात. डोळ्याला डोळा लागला येक मिनिट, तर तुमच्या फॉर्मात ते कुठल्या रकान्यात लिवायचं?"

मी फॉर्म सईच्या फाईलीत परत सरकवले.

मोडलेली झोप काही परत लागेना, तेव्हा चारच्या सुमाराला त्यांनी ऑफिसला फोन लावला, विश्रांती झाली नाही, रात्रीची गाडी नेऊ शकत नाही म्हणून. पलीकडून कारण विचारलं असावं. ढवळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरमालकीन."

पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं.

"न्हाई साहेब, आजारी न्हाई. घरमालकीन."

हे त्यांच्या नोंदीत जाणार, पुढे कुणी साहेब त्यांना बोलावून विचारणार, हे सुरेखाताईंनी मला नंतर हळू आवाजात सांगितलं. आणि हेही सांगितलं, की मामा नसतील तर दोघं महिनाअखेर घर सोडणार आहेत. "माझंबी तसंच धरा ताई. राग मानू नका. माझा नवराबी गाडीवरच हाय."

मी ओळीच्या शेवटच्या पायरीवर बसून व्हॉइस नोट लावली. विटा झाल्या, टाकी झाली, आणि चौथ्या मिनिटाला मामांचा आवाज, "...आन् सूनबाई, ते लाल फडकं कवाच सोडायचं न्हाई. मानूस झोपलेला असतोय. आपलं खरं काम तेवडंच, त्यास्नी झोपू द्यायचं. बाकी समदं आपोआप व्हतं." पुढे सात मिनिटं होती. ऐकवली नाहीत मला.

तुम्ही विचाराल, एवढी शिकलेली बाई, कुणाला आधी विचारता नाही आलं? मीही हेच विचारत मामांच्या घरापर्यंत चालत गेले. सईचा हात धरून, पदराने नाही, ओढणीने तोंड पुसत.

मामा ओट्यावर पालेभाजी निवडत होते. बातमी अर्थात माझ्या आधी पोचली होती. पण ते तसं काही म्हणाले नाहीत, तेच तर वाईट. मामींनी पुन्हा चहा टाकला. या वेळी मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि कप स्वतः विसळून ठेवला.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटलं. "मेसेज चुकला, चहा चुकला, सगळंच चुकलं. चाव्या घ्या परत. मी पाया पडते."

"आसू द्या आसू द्या. तुमाला येश्टी व्हती त्या दिवशी."

टोमणा होता की समजूत, मला अजून उमगलेलं नाही.

"घ्याल ना चाव्या?"

मामांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "सूनबाई, खरं सांगू का. तुमचा निरोप आला आन् दुसऱ्या दिशी पाटसच्या येका मानसानं त्याच्या सहा खोल्या बगायला सांगितल्या. शब्द देऊन बसलो. आता सहा त्या आन् चार ह्या, ह्या वयात येकट्याला पळापळ व्हनार न्हाई."

माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी. ढवळ्यांची गेलेली गाडी, सुरेखाताईंचं घर, सासऱ्यांची ओळ, सगळं त्या मेथीच्या जुडीवर येऊन थांबलेलं.

"काहीतरी मार्ग काढा मामा. म्हणाल ते करते."

मामांनी जुडी पुन्हा उचलून दोन काड्या मोडल्या. मग म्हणाले, "जमंल तसं. पर हाताखाली येक मानूस पायजे. शिकलेलं नसलं तरी चालंल, पर सांगंल तेवडंच करनारं."

मी म्हटलं, "मी शोधते. शिरूरला कुणी मिळतंय का बघते, माझ्या माहेरी निमोण्याला विचारते, ग्रुपवर टाकते—"

इतका वेळ काड्या गोळा करणारी सई मामांच्या जवळ सरकली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, ती दुकानात परत करायच्या वस्तूकडे बघते तसं. आणि मामांना म्हणाली,

"मग आमच्या आईलाच ठेवा ना कामाला. फक्त दार वाजवायचं काम तिला देऊ नका."